शेहेचाळीस

कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या जरा अलीकडे,
टिनाच्या शेडखाली मी एका एस्टीमचं नरडं उघडून बसलो आहे.
नरडं म्हणजे थ्रॉटल बॉडी.
गिऱ्हाईकाला असंच सांगावं लागतं.
आत पितळेची गोल चकती, मधोमध दांडी.
पाय दाबला की ती आडवी होते, हवेला वाट देते.
पुस्तकात तिला फुलपाखरू म्हणतात.
काजळीनं इतकं माखलेलं फुलपाखरू
अंबाझरीच्या बागेत कोणी पाहिलं नसेल.

व्यास शेहेचाळीस मिलिमीटर.
बाहेर पारा शेहेचाळीस.
मी हे बोलून दाखवलं,
निषाद धकातेला हसू आलं नाही.
पोट्टा घाईत. "काका, पन्नास करून द्या.
गाडी दम कोंडल्यावानी करून राह्यली."

भंगारातून दुसरी बॉडी आणली (जुनी कापायची नाही,
हा माझा एकच नेम),
हिंगण्याला मोबीनच्या खरादावर चढवली.
चार मिलिमीटर. इकडून दोन, तिकडून दोन.
ॲल्युमिनियमचा कीस चपलेला चिकटून
माझ्यासंगं घरापर्यंत आला.

जुना कागदी फिल्टर काढला. झटकला नाही, नुसता पाहिला.
वर कोराडीची राख, मऊ, करडी.
खाली लाल मुरूम. "रामटेकला गेला होतास?"
"तुम्हाला कसं कळलं?"
घडीत उमरेडचा कोळसा, एक मेलेली मधमाशी,
आणि सावरीचा कापूस, कुठल्या झाडाचा कोण जाणे.
दोन वर्षांची डायरी होती ती. कचऱ्यात टाकली.

नवा फिल्टर लाल, शंकूसारखा.
डब्यावर निळं बर्फाळ डोंगर, थंड हवेचा वायदा.
बोनेटखाली बसवला तर काटा एकाहत्तर.
मग पाइप वळवून फॉगलाइटच्या मागं नेला,
तिथं अठ्ठेचाळीस.
"हे थंड?"
"बाप्पा, मे महिन्यात नागपुरात
याच्याहून थंड फक्त ताक."

पहाटे पाचला आउटर रिंग रोड. एकतीस अंश.
ट्रकवाले टपरीवर तोंड धूत होते.
त्यानं पाय दाबला आणि
इंजिननं असा काही श्वास ओढला,
की मी, अठ्ठावन्न वर्षांचा, दोन नातवांचा आबा,
दाराचा दांडा धरून मोठ्यानं हसलो.
घड्याळात फरक अर्ध्या सेकंदाचा.
तोही माझा अंगठा चुकल्यामुळे असेल.
बोललो नाही.
पैसे त्यानं आवाजाचे दिले होते,
आवाज त्याला मिळाला होता.

तीन आठवड्यांनी परत आला, दुपारी, एकटाच.
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
धंतोलीहून घरी येताना
दर सिग्नलला गाडी उसळायची,
दर वेळी आईचा हात पट्टीकडे जायचा.
"काही म्हणाली नाही ती. पण काका,
ही आता हळू चालतच नाही."

मला ठाऊक होतं, पोटातलं ओठावर आणलं नव्हतं:
भोक मोठं केल्यानं इंजिनची भूक वाढत नाही,
पहिला घास तेवढा मोठा होतो.
काहून नाही सांगितलं?
त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून,
चिंधीत गुंडाळलेली जुनी काढली.
पेट्रोलनं धुतली, दांडीला थेंबभर तेल.
स्प्रिंग पन्नासवालीची काढून हिला घातली,
हिची ढिली झाली होती.
मजुरी घेतली नाही. त्यानं पाकीट काढलं,
मी पान्याकडे बघत राहिलो.

लाल फिल्टर मात्र राहू दे म्हणाला.
थोडा तरी आवाज.

पन्नासवाली आता टेबलावर असते,
बिलांच्या गठ्ठ्यावर.
कूलरचा झोत फिरत फिरत तिच्यावर आला
की बिनस्प्रिंगची चकती जराशी हलते,
उघडते, मिटते.
बिलं हलत नाहीत.