एक तास

सातपूर, अशोकनगर, दुसरा मजला.
आधी चप्पल काढायची, मग टॅब उघडायचा.
गेल्या सात दिवसांत, दादा,
एक तास तरी काम केलंत?

निवृत्ती गांगुर्डे बोटं मोजतो.
आयटीआय, फिटर, वय सव्वीस.
सोमवारी अंबडच्या तीन गेटांवर उभा.
मंगळवारी त्याच गेटांवर.
बुधवारी पहाटे मामाच्या टेम्पोतून पंचवटी मार्केटला,
कोथिंबिरीच्या जुड्या उतरवल्या.
"दीडेक तास. पैसे नाहीत, मिसळ चारली."

मिसळ हा मोबदला. पुस्तिकेत तसं आहे.
मी एक्कावन्न दाबते
आणि तो आठवडाभर कामावर जातो.
त्याला सांगत नाही. सांगायचं नसतं.

शेजारी सुलभा पगारे.
"आडनावातच काय तो पगार," म्हणतात,
आणि हात थांबत नाहीत:
द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे, घडी, खाच, घडी,
खोलीभर खोके छताला टेकलेले.
काम?
"छे गं, मी घरीच असते."
आणि हे?
"हे होय? रिकामी असले की करते."
खोदून विचारा, असं प्रशिक्षणात बजावलेलं.
मी खोदते. शेकड्याला किती, कोण देतं, कधीपासून.
आतून नवरा: "लिहू नका हो ते,
रेशन कार्डाचं काही व्हायचं."
बोट ब्याण्णववर थांबतं. घरकाम.
एक पुठ्ठा तेवढ्यात पेटी होतो.

अख्ख्या इमारतीत बेकार निघाला एकच,
वरचा इंजिनियर. वडील कारखान्यातून रिटायर,
पेन्शन, कूलर, दारात धुतलेली स्कूटर.
तो खरंच काही करत नाही, म्हणजे शोधतो.
बेकार राहायलाही घरात
कुणाचा तरी पैसा लागतो.

उतरताना निवृत्तीची आई जिन्यात गाठते.
प्लॅस्टिकची पिशवी,
मार्कशीटच्या झेरॉक्स, दोन फोटो,
एकात त्याने टाय लावलेला, स्टुडिओतला.
"कधी कळवाल?"
मावशी, हे नोकरीचं नाही, नुसती मोजणी आहे.
"हो, हो. पण असू द्या."

माझं कंत्राट तीस तारखेपर्यंत.
हे तिला सांगावंसं वाटलं, का कोण जाणे.
पिशवी चार्जरखाली सरकवली.
आज सहा घरं, चार पिशव्या.

स्टॉपवर रेंज येते.
आकडे वर जातात, हिरवी खूण उमटते.
पिशव्या माझ्याबरोबर बसमध्ये चढतात.