उतार

डिकीतून ईशान मला चार तुकड्यांत काढतो:
आधी बॅटरी, मग सीट, मग पुढचं चाक, शेवटी मागचं धूड.
पाचवा तुकडा मी,
पुढच्या सीटवर पट्टा सोडून बसलेली.
खट्, खट्, खट्,
आणि निझवाच्या किल्ल्यासमोर
मी अखंड.

अंगठ्याशी गोल फिरणारं एक बटण आहे,
एका टोकाला कासव, दुसऱ्याला ससा.
सशाकडे मी एकदाच गेले, मस्कतच्या समुद्रकाठी.
तेव्हा केतकी चपला हातात घेऊन मागून धावत आली,
"मावशी, ब्रेक!"

दारातल्या फरसबंदीनं हाडं खिळखिळी झाली,
चौकात येईपर्यंत बॅटरीच्या चार दिव्यांतला एक गेला.
आणि मग तो बुरूज.
इतका रुंद, की त्याला बघायला
मान आधी डावीकडे न्यावी लागते, मग उजवीकडे.
त्याच्या पोटात जिना. अंधारा, वळणावळणाचा,
फूट-फूट उंच पायऱ्या.

बत्तीस वर्षं सांगलीच्या बांधकाम खात्यात
मी जिनेच काढले.
ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, काळी शाई.
चढ सहा इंच, पाऊल ठेवायला अकरा.
शाळांचे, तहसील कचेऱ्यांचे,
एका प्रसूतिगृहाचासुद्धा.
कधी मनात आलं नाही
की रेघेच्या खालच्या टोकाशी
कुणी थांबून असेल.

तिकिटाच्या खिडकीतला खल्फान उठून आला.
जांभळ्या वेलबुट्टीचा फेटा,
हिंदी आमच्या मिरजेच्या फळवाल्यासारखी.
"अम्मा, ये सीढ़ी दुश्मन के लिए बनाया.
बीच में गड्ढा. ऊपर से खजूर का गरम रस.
जो आया, वो यहीं रुका."
मग माझ्या चाकांकडे बघून, अगदी गंभीरपणे,
"आज सुबह से किले ने सिर्फ आपको रोका है.
बाकी सब तो मोबाइल लेके ऊपर चला गया."

मी हसले. किती वर्षांनी कुणीतरी मला
दुश्मन म्हणण्याइतकं धट्टंकट्टं समजलं होतं.

पोरं वर गेली. दहा मिनिटांत येतो म्हणाली.
दहा मिनिटं म्हणजे पाऊण तास,
हे सगळ्या देशांत सारखंच.

खल्फाननं बोटानं एक बुटकं दार दाखवलं.
खजुराची कोठी. उंबरा नव्हता.
आत गारवा, आणि गुळमट वास,
निदान मला तरी आला.
जमिनीत पन्हाळी, एकीला लागून एक.
वर पोत्यांची थप्पी लागायची,
भारानं रस गळायचा,
वाहत वाहत कोपऱ्यातल्या रांजणात.
कडेनं माझ्या चाकांपुरती सपाट पट्टी.
मी खल्फानला मागचा दांडा वर करायला सांगितला.
मोटार सुटली.
कासव नाही, ससा नाही,

आणि मी निघाले.

इतकी सावकाश,
की आधी भिंतच हलतेय असं वाटलं.
चाळीसात एक. फार तर पन्नासात.
पायी चालणाऱ्याला कळणारही नाही असा उतार.
कुणा गवंड्यानं गुडघ्यांवर बसून,
पाणी ओतून, ते कुठे जातंय बघत,
तळहातानं काढला असणार,
दाट रस न थांबता, न सांडता जावा म्हणून.
माझ्या सगळ्या नकाशांत
एवढी हळुवार रेघ एकही नव्हती.

रांजणाच्या कठड्याला चाक टेकलं.
"एक बार और?" खल्फाननं विचारलं.
त्यानं मला मागे ओढून नेलं,
एका हातानं फेटा सावरत, धापा टाकत.

तीन वेळा.

पोरं उतरली, घामानं निथळत.
फोनमध्ये खजुराची बनं, मशिदीचा घुमट,
डोंगर, डोंगर, आणि डोंगरासमोर ईशान.
"मावशी, तू काय केलंस तोवर?"
केतकीचा आवाज जरा ओशाळलेला.
"बसले होते," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
खल्फान दुसरीकडेच बघत होता.

बॅटरीचे दिवे
तीनच्या तीन.