वर काय आहे

मिहानच्या हँगरमध्ये, लागून पाचवा दिवस.
त्या उंच गोऱ्या इंजिनिअरनं, क्रेगनं,
हातमोजे काढता काढता विचारलं : वॉट्स अप?
मी वर पाहिलं.

वर विमानाचं पोट होतं.
त्याच्या वर पिवळी क्रेन, क्रेनच्या वर पत्रा,
आणि पत्र्याच्या सांध्यात कबुतरानं आणलेल्या चार काड्या,
नुकताच संसार मांडायला घेतलेला.
जे दिसलं ते सांगितलं : बर्ड, सर.
त्यानंही वर पाहिलं. मान हलवली,
आणि पुढच्या चाकाकडे गेला.

गेटबाहेर पोह्याच्या ठेल्यावर धनपाल रामटेके
तर्री सांडेस्तोवर हसला.
"अबे, तो वरचं नाही विचारून रायला.
का चालू आहे, असं विचारून रायला."
"मग का सांगू?"
"नॉट मच म्हनाचं. काहीच नाही सांगाचं."
"पन चालू तं बरंच आहे ना बाप्पा!"

बरंच होतं.
मेडिकलमधली बायकोच्या गुडघ्याची तारीख
तीनदा पुढे गेलेली,
पोराचा आयटीआयचा एक पेपर अडकलेला,
आणि कूलरची मोटार, ऐन मे महिन्यात.
हे सगळं दोन शब्दांत कोंबायचं
आणि वर बसून झाकण लावायचं.

इंदोऱ्याहून खापरीपर्यंत, मेट्रोत,
खिडकीकडे तोंड करून मी पुटपुटायचो :
हाउज इट गोइंग. गुड.
हाउ यू डुइंग. गुड.
झिरो माइलला चढलेली एक बाई
माझ्यापासून जरा सरकून बसली.

मग एका सकाळी तो म्हणाला, यू ऑलराइट?
मला वाटलं, चेहरा उतरला असावा.
जेवणाच्या सुट्टीत फर्स्ट एडच्या खोलीत जाऊन
बाही वर करून बसलो.
दुसऱ्या दिवशी त्याला गाठून सांगितलं :
ऑलराइट, सर. बीपी एकशे तीस, ऐंशी.
त्यानं फार गंभीरपणे आभार मानले.

हसायचं कोणाला?
आमच्या गल्लीत सकाळी दहालाच विचारतात, जेवले का?
भाजी कोणती, हे कोणालाच ऐकायचं नसतं.
कुठं चालले, म्हटलं की उत्तर ठरलेलं : इथंच.
माझा बाप पिशवीत टॉवेल आणि रिपोर्ट घेऊन
रिक्षात बसला,
समोरच्या शेंडेकाकांनी विचारलं, कुठं?
म्हणाला, इथंच. जाऊन येतो.
आला नाही.
इतकी वर्षं झाली,
आणि मला आत्ता, मेट्रोच्या काचेत कळतंय,
की बाप माझा नॉट मच म्हणाला होता.

एकच शब्द बरा.
गेटवर धनपाल भेटतो, म्हणतो जय भीम,
मी म्हणतो जय भीम.
जसा येतो तसाच परत जातो,
कमी नाही, जास्त नाही, सुट्टे मागत नाही.

शनिवारी क्रेग शिडीखाली भेटला.
हाउज इट गोइंग?
नॉट मच, मी म्हणालो.
चुकलो होतो. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं.
एरवी तो चालता चालता विचारतो
आणि उत्तर त्याच्या पाठीला लागतं.
आज थांबला.
थांबलेल्या माणसाला काय सांगायचं
ते काही मी मेट्रोत पाठ केलं नव्हतं.
होतं नव्हतं ते इंग्रजी गोळा केलं :
वाइफ. नी. मंडे.

तो काहीच बोलला नाही.
ग्रीसनं काळा झालेला हात वर केला
आणि दोन बोटं एकमेकांवर चढवून दाखवली.

याचा अर्थ धनपाललाही आला नसता.
मी हातमोजा काढला,
माझी दोन बोटं तशीच एकमेकांवर चढवली
आणि त्याला परत केली.