अडीच डेसिबल

मोखोत्लोंगच्या मनोऱ्यापासून वीस किलोमीटर.
बर्फ पडून दोन दिवस झाले,
घोड्याच्या खुरांखाली अजून करकरतो.
म्मे मालेश्वानेंच्या झोपडीत फोनवर एकच रेघ,
आत्ता आहे, आत्ता नाही.
"रेघ दिसते," त्या म्हणाल्या, "मग कॉल का लागत नाही?
खोटारडा आहे मेला."

खोटारडा नाही, म्मे.
मनोरा वीस वॉटनी ओरडतो,
तुमच्या मुठीतला हा तुकडा फार तर दोन वॉटनी पुटपुटतो.
त्याचं तुम्हांला ऐकू येतं,
तुमचं त्याला नाही.
"सरकारी कचेरीतही असंच होतं," त्या म्हणाल्या
आणि चुलीत शेणी सारली.

मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पिशवीवर मी मांडत गेले.
फोनचे तेहेतीस.
मनोऱ्याच्या अँटेनाचे सतरा मिळवले,
केबलने खाल्लेले तीन सोडले.
सत्तेचाळीस.
डेसिबलची हीच गंमत,
गुणाकार इथे बेरजेच्या पावलांनी चालतो
आणि भागाकार दाराशी येतो तो नुसती वजाबाकी होऊन,
हप्ता न्यायला आलेल्या माणसासारखा,
चपला न काढता.
वीस किलोमीटर हवेचे एकशे साडेसतरा गेले.
मोकळी हवा, आणि एवढी महाग!
मधल्या कड्याचे सव्वीस.
मग चौदा.
इथे माझी पेन्सिल अडखळली.

"चौदा कशाचे?"
तुमच्या भिंतीचे, म्मे.

त्या भिंतीकडे बघत राहिल्या.
नवरा खाणीतून सुट्टीवर आला होता त्या हिवाळ्यात रचलेली.
दगड त्याचे, लिंपण यांचं,
ओल्या मातीत बोटांनी ओढलेल्या रेघा
अजून तशाच, एकही पुसट नाही.

उरले उणे एकशे साडेदहा.
मनोऱ्याचा कान उणे एकशे आठपाशी संपतो.
अडीच कमी.
म्हणजे आवाज आहे त्याच्या पावणेदोनपट हवा होता,
एवढंच.
बाहेर जाऊन बोललं तर भिंतीचे चौदा वाचतात,
हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.
तीन हिवाळे त्या रात्री बाहेर उभ्या राहून बोलल्या
आणि आता गुडघे नाही म्हणतात.

लग्नाच्या दिवशीच सासरच्यांनी नाव दिलं, मालेश्वाने,
पोटात कोणी नसताना.
त्यातून मा वजा केली की मुलगा उरतो.
लेश्वाने, कार्लटनव्हिलची सोन्याची खाण,
जमिनीखाली दोन किलोमीटर.
तिथलं गणित मला येत नाही.

"ही लहर असते केवढी?"
तीनशेला नऊशेने भागलं.
मीटरचा तिसरा हिस्सा.
त्यांनी भिंतीवर पंजा ताणून ठेवला,
मग त्यापुढे अर्धा.
दीड वीत.
"म्हणजे एवढं भोक पडलं तर ती वाकून येईल?"
मी उत्तर जुळवत होते,
कड्याच्या बाजूचे, असं, साधारण, कंपनीच्या मते,
तोवर त्यांनी पहार आणली होती.

दोन दगड निघाले.
पाच डेसिबल परत आले.
मी पिशवीवर लिहिलं: अडीच शिल्लक.
आणि वारा आला सरळ चुलीपर्यंत,
राख उडवत, माझा कागद उडवत.
हिशोबात वारा धरायचा राहिला होता.

त्यांनी अंगावरची घोंगडी उतरवली,
भोकावर टांगली, वर एक दगड ठेवला.
माझ्याकडे पाहिलं.
कोरडी लोकर, म्मे, लहरीकडून अर्धाच घेते.
"मग दोन उरले की,"
त्या म्हणाल्या, पेन्सिलीशिवाय.

रिंग गेली. पलीकडे वसतिगृहातला कोणी झोपाळलेला,
लेश्वाने पाळीवर आहे, खाली आहे, सकाळी येईल.
"बरं," त्या म्हणाल्या, अगदी हळू,
ओरडायची गरज नव्हती म्हणून मुद्दाम हळू,
"त्याला सांग,
आईने भिंतीला भोक पाडलंय."