सड्यावरची चौथी रात्र

खंभातच्या पोटातून, तीन हजार मीटर खालून
आलेला हा दगड
माझ्या अंगठ्याहून थोडा जाड.
काळा, गुळगुळीत, कसलाच वास नाही.
पहिल्या दिवशी त्याच्यावर पाण्याचा थेंब ठेवला
तर थेंब तसाच बसून राहिला,
परक्या घरी खुर्चीच्या कडेवर बसावं तसा.

बेतुलच्या सड्यावरचा चिरा असा नाही.
चिऱ्यावर पाणी ओता,
तांब्या सरळ करेपर्यंत ते आत गेलेलं असतं.
त्याच्या भोकांत मुंग्यांची घरं, नेच्याची मुळं.
बाबा खाणीवर चिरे कापायचे, म्हणायचे,
अर्धा दगड गो हा, अर्धा वारा.
मी तेवढीच भोकं ओळखत होते
इथे नोकरीला लागेपर्यंत.

ही भोकं दिसत नाहीत.
एका केसाच्या जाडीत दहा हजार शेजारी शेजारी मावतील.
त्यातल्या एकातून मिथेन जायचं
तर फार झाले दहा-बारा रेणू, खांद्याला खांदा.
दाब उतरला की तेवढेही नाहीत.
मग रेणूला रेणू भेटत नाही,
भेटते ती भिंत.
भिंत. पलीकडची भिंत. पुन्हा अलीकडची.

जुना नियम सांगतो, भिंतीपाशी प्रवाह थांबतो.
इथे थांबत नाही,
शेवाळलेल्या पायरीवरून पाय जावा तसा घसरतो
आणि सूत्राच्या अंदाजाआधी पलीकडे पोचतो.
आधी म्हणजे किती आधी?
दीड इंचाला सहा दिवस.
नियमाने गेला असता तर मी रजा टाकली असती.

एका तोंडाला किंचित दाब वाढवायचा
आणि दुसऱ्या तोंडाशी वाट पाहायची.
पडद्यावर दोन रेषा,
वरची उतरते, खालची चढते,
इतक्या सावकाश की
बघणाऱ्यालाच आपण हललो असं वाटावं.
खोलीचं तापमान अर्ध्या अंशानेही बदलता कामा नये.

चौथ्या रात्री एक वाजून वीस मिनिटांनी
अख्ख्या सड्यावरची वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
एसी बंद. अठ्ठावीस. एकोणतीस.
बॅटरीवरच्या पडद्यात दोन्ही रेषा
एकदमच वर निघाल्या, हात धरून.
म्हणजे संपलं. चार दिवस वाया.

मिनिनो रखवालदार किटली घेऊन आला.
दारातल्या पायरीवर बसलो.
खाली साळ नदीचं तोंड, एक ट्रॉलर, एकच दिवा.
चार रात्रींत हा माणूस
'बरें' आणि 'चावी' एवढंच बोललेला.
त्याने कपात ओतलं, थोडं बाहेर सांडलं,
आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाला,

बावीस वर्सां टँकराचेर, बाय.
पूण तेल पळोवंक ना.
पाइपातून येतं, पाइपातून जातं,
आम्ही बघायचो ते काटे.
एकदाच, रास तनुराला,
सांध्याच्या नटाखाली एक थेंब.
काळा न्हय. हिरवट.
बोट लावलं, विजारीला पुसलं.
फिलोमिनान ती विजार सात पावटीं धुली.

मग तो खूप वेळ बोलत राहिला,
दमाममधल्या कोण्या बोटमनाबद्दल,
एका पत्राबद्दल, जे टाकायचं राहिलं.
मी मधे बोलले नाही.

भिंतीतल्या कार्बनला काही वायू चिकटून असतो.
विहीर भरात असताना तो बाहेर येत नाही.
सगळा दाब ओसरला, मोठे नळ सुस्तावले
की कुठल्यातरी वर्षी सुटू लागतो,
बारीक, पण पुष्कळ काळ.
अहवालात त्याला मी 'उशिराचा वाटा' लिहिते.
साहेब तो शब्द दरवेळी खोडतात.

तीन दहाला वीज आली.
दगडाक कितें जालें? मिनिनोने विचारलं.
काही नाही, म्हटलं. त्याला काही झालेलं नाही.
झडपा उघडल्या, दोन्ही तोंडांचा दाब सारखा केला,
वहीत नवी ओळ: दिवस पहिला.

कप उचलायला बाहेर गेले
तर सांडलेला चहा
पायरीच्या चिऱ्याने केव्हाच पिऊन टाकलेला.