चौकोनी वही

तासाला पाच रुपये.
दांडिया बाजारात, मेघश्याम टिपणिसाच्या
घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे
एक टीव्ही, एक कार्ट्रिज, अक्षरं जपानी.
कुठे जायचं, कुणीच सांगत नव्हतं.

गणिताच्या वहीत मी नकाशा काढला :
एक चौकोन म्हणजे एक पडदा.
झाडं हिरवी, भुतं लाल,
न पाहिलेलं नुसतं पेन्सिलीने.
इरावती म्हणायची, भिंत दिसली की बॉम्ब लाव,
दहातली एखादी पोकळ निघतेच.

मग लाइट गेली. सगळं पुसलं,
तलवारसुद्धा.
वही तेवढी उरली.

परवा सुरसागरच्या काठाने येताना
बँकेच्या बिनखिडकीच्या भिंतीवर
बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
वॉचमन उठला. शुं छे, काका?
काही नाही, म्हटलं,
इथला एक चौकोन
अजून पेन्सिलीतच आहे.