बारा पाव

मखमलाबाद रोडला आमचं हॉटेल.
हॉटेल म्हणजे पत्रा, सहा टेबलं,
आणि मागे दुसऱ्याच कुणाची द्राक्षबाग.
रविवारी उभं राहायला जागा नसते.
ती आली मंगळवारी, साडेअकराला,
रश्शाचं दुसरं पातेलं उतरत होतं तेव्हा.

रिक्षावाल्यानं लांबूनच खूण केली मला:
फॉरेन आहे, तिखट जपून.

चेहरा म्हणाल तर इकडचाच,
सिन्नरकडची कुणाची तरी सून वाटावी.
तोंड उघडलं तेव्हा कळलं.
इंग्रजीच, पण झोपाळ्यावर बसून बोलल्यासारखं.
जोसलिन रामखेलावन. त्रिनिदाद.

त्रिनिदाद मला माहीत आहे.
वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर, आम्ही पोरं झोपल्यावर,
तिथे आपल्या विकेटी पडायच्या.

टूरवाल्यांनी दिलेला कागद होता तिच्या हातात.
उघड्यावरचं खाऊ नका.
पाणी सीलबंदच प्या.
कच्चा कांदा टाळा.
माझ्यासमोर परातभर कच्चा कांदा,
लिंबाच्या फोडी, आणि वर उघडं आभाळ.
ती हसली. म्हणाली, आमच्या बेटावर
मोठ्या बोटीतून पाहुणे उतरतात ना,
त्यांनाही देतात असाच कागद.
त्यात टाळायचं असतं ते मी.
माझी गाडी असते बंदराच्या तोंडाशी.

काय विकता?
बारा, ती म्हणाली.
एका प्लेटीत दोन बारा.

लहानू थेटे आमचा वेटर.
त्याच्या कानावर पडला तो आकडा.
आत गेला, अख्खी लादी घेऊन आला,
तिच्यापुढे ठेवली, म्हणाला,
ताई, चोवीस नाहीत, बाराच उरलेत.

मग हातवारे झाले, पेन झालं, पेपर नॅपकिन झाला.
बारा म्हणजे पुरी. हळदीची, मऊ, तळहाताएवढी.
दोन पुऱ्यांत छोले, वर मिरचीचं पाणी.
गिऱ्हाइकाला विचारायचं, तिखट किती?
शहाणा माणूस म्हणतो, थोडंसं.
आमच्याकडे शहाणा माणूस
तर्री वेगळ्या वाटीत मागतो.

तिनं ती वाटी अख्खी ओतली मटकीवर. काळी तर्री.
मी पाण्याचा जग पुढे सरकवला,
तो तिथेच राहिला.
पाव मोडला, बुडवला, नाकाजवळ नेला.
गीरा, म्हणाली.
जिरं, मी म्हणाले.
गीरा, ती पुन्हा.
कुणाच्या तरी कमरेच्या पुरचुंडीतून
गेलं असेल ते, दीडशे वर्षांमागे, बोटीनं.
जिरं कोरडं राहिलं.
ज तेवढा भिजला.

गल्ल्याशेजारी माझा डबा उघडा होता.
त्यात आदल्या रात्रीची अळूवडी.
तिची नजर गेली, आणि ती ओरडलीच, सहीना!
यात्रेत हात सुटलेल्या पोराला हाक मारावी तशी.
शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.
डबा तिला दिला, झाकणासकट.
त्या दुपारी मी मिसळ खाल्ली,
आपल्याच हॉटेलात, कितीतरी वर्षांनी.
मीठ किंचित जास्त होतं. कुणी सांगतच नाही.

रेसिपी नाही विचारली तिनं.
सगळे विचारतात, मी सगळ्यांना चुकीची सांगते.
हिनं विचारलं, किती वाजता उठता?
चारला.
मी तीनला, ती म्हणाली,
आणि जराशी गुर्मी होती त्यात, आवडली मला.

पाच पाव तिनं संपवले.
सात पोरांनी नेले.
लहानू कानाशी आला, बारा लावू की पाच?
मी म्हटलं, बावळटा, त्या माझ्या धंद्यातल्या आहेत.
तरी तिनं बाराचेच ठेवले, ताटलीखाली.

चार नंबरचं टेबल पहिल्यापासून डुगडुगतं.
उठताना तिनं तो कागद घेतला,
चार घड्या घातल्या, वाकली,
पायाखाली सारला, टेबल हलवून पाहिलं.
सवयीचा हात होता.

अजून आहे तिथेच.
लहानू फरशी पुसतो तो कडेकडेनं.
घडीतून एकच ओळ बाहेर दिसते:
कच्चा कांदा टाळा.